इंजिनिअरिंग स्पर्धा आणि मराठवाड्यातले संघ: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

संभाजीनगर, जालना, नांदेड, लातूर, आंबेजोगाई इथल्या कॉलेजांतून दरवर्षी नवे संघ बाजा, रोबोकॉन, हॅकेथॉन अशा स्पर्धांना उतरतात. त्यातले बरेचसे ट्रॅकवर किंवा अरीनात (रोबोटच्या मैदानात) पोचायच्या आधीच, तांत्रिक तपासणीच्या रांगेत अडकतात. म्हणून खालची उत्तरं तपासणी आणि चाचणी याभोवतीच जास्त फिरतात. नियम दरवर्षी बदलतात, तेव्हा इथला प्रत्येक आकडा त्या वर्षीच्या नियमपुस्तिकेशी ताडून घ्या.

पहिल्यांदाच उतरतोय. कोणती स्पर्धा निवडावी?

हातात काय आहे ते आधी मोजा: पैसा, वर्कशॉप, आणि सलग वेळ देणारी माणसं. बाजा एसएईइंडिया ही खडबडीत रस्त्यावरच्या एकआसनी गाडीची स्पर्धा २००७ पासून होते आणि इंदूरजवळच्या पीथमपूरच्या मैदानाशी तिचं नाव जोडलेलं आहे. तिला लाखांत खर्च येतो, वेल्डिंग-मशिनिंग भरपूर लागतं. सुप्रा आणि फॉर्म्युला भारत या रेसिंग प्रकारच्या स्पर्धा त्याहून महाग. डीडी रोबोकॉन म्हणजे आशियाई रोबोकॉनची भारतातली फेरी. तिथं दरवर्षी खेळ बदलतो, त्यामुळे जुना रोबोट जसाच्या तसा चालत नाही. एफिसायकलमध्ये पायडल आणि मोटर दोन्हींवर चालणारी तीनचाकी असते.

पहिल्या वर्षी वर्कशॉप नसेल तर आयआयटी मुंबईची ई-यंत्र ही रोबोटिक्स स्पर्धा किंवा स्मार्ट इंडिया हॅकेथॉन घ्या. चालतं मॉडेल तयार असेल तर डिपेक्स हे विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांचं प्रदर्शन आणि विद्यापीठांची आविष्कार ही संशोधन स्पर्धा आहेच. एकाच वर्षात बाजा आणि रोबोकॉन दोन्हींना त्याच दहा जणांनी उतरणं हा आत्मघात आहे, कितीही उत्साह असला तरी.

नियमपुस्तिका दीडशे-दोनशे पानांची आहे. सगळी वाचावीच लागते का?

हो, आणि प्रत्येकानं. पण वाचण्याची पद्धत आहे. एक तक्ता करा: नियम क्रमांक, नियम काय मागतो, आपल्या गाडीत तो कुठं पूर्ण होतो, पुरावा काय (फोटो, बिल, चाचणीचा व्हिडिओ), जबाबदार कोण. ‘असावे’ आणि ‘असलेच पाहिजे’ यांतला फरक रंगानं दाखवा. हाच तक्ता पुढे तपासणीची यादी म्हणून वापरता येतो.

स्पर्धेच्या संकेतस्थळावर येणारी शुद्धिपत्रकं आणि प्रश्नोत्तरं हाही नियमांचाच भाग असतो. दर सोमवारी ती पाहण्याचं काम एका माणसाला द्या. ‘सीनियर म्हणाले चालतं’ हे परीक्षक ऐकून घेत नाहीत. सीनियरांच्या वर्षी चालत असेलही.

संघात किती जण असावेत?

गाडीसाठी १५ ते २० पुरतात. कागदावर ३० नावं असली तरी रात्री ग्राइंडर धरणारे तेवढेच असतात. त्यात दुसऱ्या वर्षाची किमान पाच-सहा मुलं हवीत, नाहीतर पुढच्या वर्षी पाटी कोरी. कॅप्टन सर्वांत हुशार डिझायनर नसला तरी चालेल, पण तारखा पाळायला लावणारा हवा. खरेदी आणि बिलं सांभाळायला वेगळा माणूस ठेवा. डिझायनरवर हे काम टाकलं की दोन्ही कामं अर्धवट राहतात.

वेळापत्रक कसं आखायचं?

स्पर्धेच्या तारखेपासून उलटं. समजा स्पर्धा जानेवारीच्या शेवटी आहे. तर गाडी १५ जानेवारीला टेम्पोत चढते. त्याआधी सहा आठवडे निव्वळ चाचणीचे, म्हणजे नोव्हेंबर संपताना गाडी स्वतःच्या चाकांवर पळायला हवी.

आता आपल्याकडचं कॅलेंडर त्यावर ठेवा. खंडेनवमीला यंत्रं पुजून बंद असतात. दसरा ते दिवाळी वाळूज-चिकलठाण्याच्या जॉब वर्कवाल्यांकडे कंपन्यांची घाई असते, तुमचे चार नग कोपऱ्यात पडून राहतात. दिवाळीनंतर बिहार-उत्तर प्रदेशचे कामगार छठसाठी गावी गेलेले असतात. मग येते हिवाळी परीक्षा. याचा हिशोब असा निघतो की मशिनिंगची ड्रॉइंग दसऱ्याच्या किमान तीन आठवडे आधी दुकानात पोचली पाहिजेत, आणि त्यासाठी डिझाइन ऑगस्टअखेर गोठवलं पाहिजे. गोठवलं म्हणजे त्यानंतर फक्त चूक दुरुस्त होते, ‘अजून हलकं करता येईल’ ही चर्चा पुढच्या वर्षाच्या वहीत जाते.

एमआयडीसीची साप्ताहिक सुट्टी रविवारीच असते असं नाही. आपल्या वसाहतीचा सुट्टीचा वार आधी विचारून ठेवा.

रोलकेजला कोणता पाइप घ्यावा? जालन्यात मिळेल का?

रोलकेज म्हणजे चालकाभोवतीचा पाइपांचा सांगाडा. बाजाच्या नियमांत त्याच्या मुख्य पाइपचा पाया साधारण असा आहे: बाहेरचा व्यास २५.४ मि.मी., जाडी ३ मि.मी., कार्बन किमान ०.१८ टक्के. दुसरा आकार घेतला तर वाकण्याला होणारा विरोध आणि वाकण्याची ताकद, दोन्ही या पाइपइतकी किंवा जास्त असल्याचं गणितानं दाखवावं लागतं.

गणित अवघड नाही. २५.४ × ३ चा जडत्वाघूर्ण (वाकण्याला विरोध किती ते सांगणारा आकडा) सुमारे १३,४८० मि.मी.⁴ येतो. ४१३० क्रोमोलीचा (क्रोमियम-मॉलिब्डेनम मिसळलेल्या पोलादाचा) २९.२ × १.६५ मि.मी. पाइप घेतला तर सुमारे १३,६०० येतो, म्हणजे पास. वजन पाहा: पहिला मीटरला १.६६ किलो, दुसरा १.१२ किलो. केजला ३० मीटर पाइप लागत असेल तर १६ किलो वाचले. मात्र १.६५ मि.मी. भिंतीवर वेल्डरचा हात जरा रेंगाळला की भोक पडतं. वेल्डर पक्का नसेल तर जाड पाइपच घ्या आणि वजन दुसरीकडे कमी करा.

जालन्यात पोलाद बक्कळ आहे, पण ते मुख्यतः बांधकामाच्या सळईचं. सीमलेस (बिनजोड) क्रोमोलीसाठी मुंबई-पुण्याचे व्यापारी गाठावे लागतात. घेताना त्या हीट नंबरचं (पोलाद ज्या ओतणीतलं, तिच्या क्रमांकाचं) टेस्ट सर्टिफिकेट घ्या आणि पाइपवरचा नंबर कापायच्या आधी फोटोत घ्या. सर्टिफिकेट नंतर पाठवतो म्हणणाऱ्याला पूर्ण पैसे देऊ नका.

गेट-ग्रिल करणाऱ्या फॅब्रिकेटरकडून वेल्डिंग करून घेतलं तर चालेल?

केजसाठी नाही. साध्या आर्क वेल्डिंगनं पातळ पाइपवर वरून छान शिवण दिसते आणि आत वितळण पोचलेली नसते. आर्गॉन वेल्डिंग करणारा माणूस शोधा. सीओटू वेल्डिंग जाड पाइपवर चालतं, पण कोपरे अरुंद असले की टॉर्च नीट बसत नाही.

खरा प्रश्न वेल्डिंगच्या आधीच्या कामाचा असतो. पाइपच्या टोकाला माशाच्या तोंडासारखी खाच नीट बसली पाहिजे. दोन पाइपमध्ये एक मि.मी.पेक्षा जास्त फट दिसली तर ती रॉडनं भरू देऊ नका, पाइप परत घासा. जागेवर गंज, तेल, रंग काहीही नको. आधी सगळी केज टाके मारून उभी करा, कर्ण मोजा, मगच पूर्ण वेल्ड घ्या. एका बाजूनं सलग वेल्ड करत गेलं तर केज ओढली जाते आणि सस्पेन्शनचे पॉइंट चार-पाच मि.मी. सरकतात.

बाजाच्या नियमात वेल्डचे नमुनेही मागतात: एक ९० अंशांचा सांधा तोडून दाखवायचा, आणि तो वेल्डवर न तुटता पाइपमध्ये तुटला पाहिजे. दुसरा ३० अंशांचा सांधा उभा कापून आतली वितळण दाखवायची. हे नमुने त्याच वेल्डरनं, त्याच पाइपचे, केज सुरू करायच्या आधी करायचे. केज झाल्यावर नमुना तुटला तर करणार काय?

टर्नरकडून आलेला हब बेअरिंगला सैल होतो. चूक कोणाची?

बहुतेक वेळा ड्रॉइंगची. ६२०५ बेअरिंगचा बाहेरचा व्यास ५२ मि.मी. तुम्ही ड्रॉइंगवर नुसतं ‘५२’ लिहिलं, टर्नरनं ५२.१ करून दिलं, बेअरिंग बोटानं आत गेलं आणि स्पर्धेत दुसऱ्या तासाला चाक लटलट हलायला लागलं. ड्रॉइंगवर व्यासासोबत तो किती कमी-जास्त चालेल ती मर्यादाही लिहा, आणि बेअरिंग सोबत द्या. कॅडची (संगणकावरच्या ड्रॉइंगची) फाइल व्हॉट्सॲपवर पाठवून काम होत नाही. ए-४ कागदावर छापलेलं, मापं मि.मी.मध्ये लिहिलेलं, खाली मटेरियल आणि नग संख्या असलेलं ड्रॉइंग द्या. एका कागदावर एकच पार्ट.

संभाजीनगरला इंडो-जर्मन टूल रूम आहे, वाळूजला ऑटो क्लस्टर आहे. अचूक कामासाठी तिथं चौकशी करा. बाकी पार्टांना चांगला लेथवाला पुरतो.

तपासणीत गाड्या नेमक्या कुठं अडकतात?

बहुतेक क्षुल्लक वाटणाऱ्या जागी. नायलॉक नटच्या (आत नायलॉनची कडी असलेल्या, सैल न होणाऱ्या नटच्या) बाहेर बोल्टचे किमान दोन आटे दिसत नाहीत. स्टीअरिंग किंवा सस्पेन्शनमध्ये ग्रेडची खूण नसलेले बाजारी बोल्ट आहेत (डोक्यावर ८.८ असं उमटलेलं हवं). फायरवॉलला (चालक आणि इंजिन यांमधल्या पत्र्याला) वायर जाण्यासाठी पाडलेलं भोक उघडं आहे. इंधन टाकीखाली गळती पॅन नाही किंवा त्याची नळी सायलेन्सरजवळ सुटते. किल स्विच (इंजिन बंद करायची बटणं) दोन हवेत, चालकाजवळ एक आणि बाहेरून हात पोचेल असा एक, आणि दोन्हींपैकी कोणताही दाबला तर इंजिन बंद पडलं पाहिजे. अनेक गाड्यांत दुसरा स्विच जोडलेला असतो पण तपासलेला नसतो.

चालकाचं डोकं आणि केज यांतलं अंतरही चुकतं: कॅडमधल्या बाहुल्याला हेल्मेट नसतं. संघातला सर्वांत उंच चालक हेल्मेट घालून बसवा आणि मोजा. ५ सेकंदांत बाहेर पडण्याची चाचणीही ग्लोव्ह्ज, हेल्मेट, पट्टे, सगळ्यासकट किमान वीस वेळा करून घ्या. बुटाची नाडी पेडलमध्ये अडकते, पट्ट्याचं टोक सीटखाली राहतं. बसल्याजागी हे सुचत नाही.

प्रत्येक महत्त्वाचा नट टॉर्क रेंचनं आवळल्यावर त्यावर पेंट मार्करची रेघ ओढा. रेघ तुटलेली दिसली की नट सरकलाय हे लांबून कळतं, आणि तपासनीसालाही तुम्ही शिस्तीत काम केल्याचं दिसतं.

ब्रेक टेस्टला चारही चाकं लॉक होत नाहीत. काय बघायचं?

हा प्रश्न सर्वांत जास्त येतो, म्हणून सविस्तर. या चाचणीत ब्रेक मारल्यावर चारही चाकं लॉक व्हावी लागतात, म्हणजे फिरायची थांबावी लागतात.

आधी गणित. समजा चालकासह गाडी २६० किलो, पुढच्या चाकांवर स्थिर भार ४२ टक्के, गुरुत्वमध्य जमिनीपासून ०.५५ मीटर, व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांतलं अंतर) १.४ मीटर, टायरची त्रिज्या ०.२८ मीटर, डांबरावर घर्षण ०.७. ब्रेक लागताना भार पुढे सरकतो आणि पुढच्या दोन चाकांवर साधारण ६९.५ टक्के येतो, म्हणजे एका चाकावर ८८६ न्यूटन. ते चाक लॉक करायला ८८६ × ०.७ × ०.२८ = १७४ न्यूटन-मीटर लागतात. मागच्या एका चाकाला जेमतेम ७६.

आता आपल्याकडे किती आहे? पायाचा जोर ३५० न्यूटन, पेडल गुणोत्तर ५, टँडम मास्टर सिलिंडरचा (पेडलच्या जोरानं ब्रेक ऑइलला दाब देणाऱ्या सिलिंडरचा) बोअर १९.०५ मि.मी. दाब येतो ६.१ मेगापास्कल. ३० मि.मी.चा एक पिस्टन असलेला कॅलिपर (पॅड डिस्कवर दाबणारा भाग), पॅडचं घर्षण ०.३५, डिस्कची परिणामकारक त्रिज्या ८० मि.मी. धरली तर सुमारे २४३ न्यूटन-मीटर मिळतात. १७४ च्या समोर २४३, कागदावर काम झालं.

तरीही चाक लॉक होत नाही तेव्हा कारणं या क्रमानं शोधा.

एक, हवा. कॅलिपरची हवा काढायची निपल वरच्या बाजूला आहे का? डावा-उजवा कॅलिपर अदलाबदल झाला की निपल खाली जाते, हवेचा बुडबुडा वर अडकतो आणि कितीही वेळा ब्लीड केलं (हवा काढली) तरी पेडल मऊच राहतं. ही चूक इतकी होते की पहिल्यांदा तिथंच बघा. ब्लीड करताना मास्टर सिलिंडरपासून सर्वांत लांबच्या चाकापासून सुरुवात करा आणि ऑइलची टाकी रिकामी होऊ देऊ नका.

दोन, लवचीकपणा. पेडल दाबून धरा आणि दुसऱ्यानं पेडलचा माउंट, मास्टर सिलिंडरचा ब्रॅकेट आणि नळ्या बघाव्यात. तीन मि.मी.च्या पत्र्यावर बसवलेला ब्रॅकेट डोळ्यांना दिसेल इतका वाकतो. रबरी नळी फुगते. स्टीलची जाळी असलेली नळी घ्या.

तीन, पॅड. नवे पॅड डिस्कवर पूर्ण टेकत नाहीत. ताशी ३० वरून १० पर्यंत वेग उतरवत पंचवीस-तीस वेळा ब्रेक मारा, मधे गार होऊ द्या. डिस्कला तेलाचा हात लागला असेल तर आयसोप्रोपिल अल्कोहोल किंवा ब्रेक क्लीनरनं पुसा. पॅडनं तेल प्यायलं असेल तर पॅड बदला, घासून उपयोग नाही.

चार, मागचा ड्राइव्ह. सीव्हीटी (बेल्टवर चालणारा, आपोआप गिअर बदलणारा गिअरबॉक्स) असलेल्या गाडीत थ्रॉटल पूर्ण सोडायच्या आधीच ब्रेक मारला तर इंजिन मागची चाकं ढकलत राहतं. चालकाला उजवा पाय पूर्ण उचलून, मग एकाच झटक्यात ब्रेक मारायला शिकवा. हळूहळू दाबणारा चालक उत्तम ब्रेक असलेली गाडीही नापास करतो.

ब्रेक ऑइल उघड्या डब्यातलं, गेल्या वर्षीचं वापरू नका. ते हवेतलं पाणी शोषतं. डॉट ३ या प्रकारच्या ब्रेक ऑइलचा उत्कलनबिंदू कोरडा असताना किमान २०५ अंश, ओलावा शोषल्यावर १४० पर्यंत उतरतो.

चाचणीसाठी ट्रॅक नाही. कुठं पळवायची?

सार्वजनिक रस्त्यावर अजिबात नाही. कॉलेजचं मैदान, सुट्टीच्या दिवशी पार्किंग, किंवा परवानगीनं पडीक शेत. काळी माती ही मराठवाड्यातल्या संघांना फुकट मिळालेली प्रयोगशाळा आहे. पावसानंतर दुसऱ्या दिवशीच्या काळ्या रानात गाडी अर्धा तास फिरवा. चिखल रिम आणि कॅलिपरच्या मधे गच्च बसतो, टाय रॉडवर चढतो, सीव्हीटीच्या हवेच्या तोंडाशी थर जमतो, सीव्ही जॉइंटच्या (ॲक्सलच्या सांध्याच्या) रबरी बूटची क्लिप निघते. यातली प्रत्येक गोष्ट स्पर्धेत चार तासांच्या एन्ड्युरन्समध्ये (लांब पल्ल्याच्या शर्यतीत) होणारच असते. ती डिसेंबरात दिसली तर बरी. नंतर गाडी धुताना पाण्याचा जोर बेअरिंगवर आणि वायरिंगवर मारू नका.

चाचणीची वही ठेवा: तारीख, चालक, किती मिनिटं, काय सैल झालं, काय बदललं. सलग चार तास गाडी पळाल्याशिवाय ती तयार आहे असं म्हणू नका. दहा-दहा मिनिटांच्या चोवीस फेऱ्या म्हणजे चार तास होत नाहीत, कारण बेल्ट आणि इंजिन दर वेळी गार झालेलं असतं.

रोबोटची मोटर सुरू झाली की कंट्रोलर रिसेट होतो. कोड चुकलाय का?

शक्यता कमी. थांबलेली मोटर सुरू होताना तिच्या नेहमीच्या प्रवाहाच्या कितीतरी पट प्रवाह ओढते, बॅटरीचं व्होल्टेज क्षणभर कोसळतं आणि कंट्रोलर बंद होऊन चालू होतो. कंट्रोलरला वेगळी छोटी बॅटरी किंवा चांगला बक कन्व्हर्टर (व्होल्टेज उतरवून स्थिर ठेवणारं सर्किट) द्या. मोटर ड्रायव्हरच्या अगदी जवळ १००० मायक्रोफॅराड, ३५ व्होल्टचा कपॅसिटर लावा (२४ व्होल्टला २५ व्होल्टचा लावू नका). मोटरच्या वायरी किमान २.५ चौ.मि.मी., एन्कोडरच्या (मोटर किती फिरली ते मोजणाऱ्या सेन्सरच्या) वायरी पीळ घालून त्यांच्यापासून लांब. सगळ्या ग्राउंड एकाच बिंदूवर. आणि कोडमध्ये वेग शून्यावरून पूर्णवर एकदम न नेता पाव सेकंदात चढवा.

लिपो (लिथियम पॉलिमर) बॅटरीचा सेल ४.२ व्होल्टच्या वर चार्ज करू नका, ३.५ ला काम थांबवा, आठवडाभर ठेवायची असेल तर ३.८ वर ठेवा. फुगलेली बॅटरी ‘अजून एक मॅच काढेल’ म्हणून वापरणाऱ्याला पिटमधून बाहेर काढा. सहा सेलचा पॅक पूर्ण भरला की २५.२ व्होल्ट दाखवतो. नियमात २४ व्होल्ट म्हणजे नाममात्र की मोजलेले, ते वाचा.

ब्लूटूथ रिमोट लॅबमध्ये मस्त चालतो आणि स्पर्धेत तुटतो, कारण तिथं शेकडो फोन आणि रिमोट त्याच २.४ गिगाहर्ट्झवर असतात. सिग्नल गेला तर रोबोट जागीच थांबेल, हा कोड पहिल्या दिवशी लिहा.

३डी प्रिंटचे पार्ट वाकडे होतात.

पीएलए हे प्रिंटचं नेहमीचं प्लास्टिक ५५-६० अंशांना मऊ पडतं. मे महिन्यात लातूर किंवा नांदेडला उन्हात उभ्या गाडीतलं तापमान सहज तिथं पोचतं. पीईटीजी वापरा, ते साधारण ८० अंशांपर्यंत टिकतं. वीज जाणाऱ्या गावात लांब प्रिंट लावताना यूपीएस लागतोच. मोटरचे माउंट प्रिंट करू नका, ६ मि.मी. ॲल्युमिनियम कापून घ्या.

स्मार्ट इंडिया हॅकेथॉनमध्ये निवड कशी होते?

२०१७ पासून चाललेली ही स्पर्धा आहे. संघ सहा जणांचा, त्यात किमान एक मुलगी. आधी कॉलेजची अंतर्गत फेरी, मग कॉलेजतर्फे नामांकन. अंतिम फेरी सॉफ्टवेअरला सलग ३६ तास, हार्डवेअरला ५ दिवस.

प्रश्न निवडताना त्याचा वापरणारा तुमच्या तासाभराच्या अंतरावर आहे का ते बघा. शेतमालाच्या ओलाव्याचा प्रश्न घेतला तर लातूरच्या बाजार समितीत जाऊन अडत्याला आणि शेतकऱ्याला विचारता येतं. तिथं गेल्यावर कळतं की हमीभाव खरेदीत सोयाबीनची ओलाव्याची मर्यादा १२ टक्के असते, पण २०२४ च्या हंगामात ती १५ पर्यंत शिथिल केली होती. म्हणजे तुमच्या यंत्रात ही मर्यादा पक्की लिहून टाकलेली नको, बदलता आली पाहिजे. परीक्षक असले बारकावे पकडतात. सेन्सरचं वाचन ओव्हनमध्ये वाळवून मोजलेल्या ओलाव्याशी किती जुळलं, याचा छोटा तक्ता दहा स्लाइडपेक्षा जास्त काम करतो.

मुलीला ‘नियमासाठी’ घेऊन सादरीकरण तिच्यावर ढकलणारे संघ परीक्षकांच्या दुसऱ्या प्रश्नाला उघडे पडतात.

वसतिगृहाच्या वेळेमुळे मुलींना वर्कशॉपमध्ये थांबता येत नाही.

मग वर्कशॉपच सकाळी सातला उघडा. रात्रभर जागून काम करण्याची प्रौढी मिरवली जाते, पण ग्राइंडरचे अपघात आणि चुकीची कापलेली मापं रात्री दोननंतरचीच असतात. ज्या आठवड्यात उशीर अटळ आहे तेवढ्याचं, शिक्षकाच्या सहीचं पत्र वॉर्डनना आधी द्या.

पैसे कुठून आणायचे? कंपन्यांकडे सीएसआर मागावा का?

सीएसआरचा (कंपन्यांच्या सामाजिक जबाबदारीचा) पैसा विद्यार्थी संघाच्या नावे थेट येत नाही. काम राबवणारी संस्था सीएसआर-१ फॉर्मनं नोंदलेली लागते, आणि निर्णय समितीतून होतो, त्याला महिने जातात. कॉलेजच्या ट्रस्टची नोंदणी आहे का ते कार्यालयात विचारा. नसेल तर त्यामागे धावू नका.

वाळूज-शेंद्र्यात रोखीपेक्षा वस्तू आणि काम लवकर मिळतं: लेझर कटिंगचा एक तास, पावडर कोटिंग, उरलेला पत्रा, जुने शॉक ॲब्सॉर्बर, वायर हार्नेस. पत्रात ‘आम्हाला मदत करा’ असं लिहू नका. ‘४ मि.मी. पत्र्याचे २२ नग, ड्रॉइंग सोबत, १० सप्टेंबरपर्यंत’ असं लिहा. अशा पत्राला प्लांटमधला इंजिनिअर स्वतःच्या अधिकारात हो म्हणू शकतो. मसिआ आणि सीएमआयए या मराठवाड्यातल्या उद्योजकांच्या संघटनांमार्फतही ओळखी होतात. आणि मदत करणाऱ्याला स्पर्धेनंतर गाडी दाखवायला न्या. पुढच्या वर्षीचं पत्र तिथंच निम्मं लिहून होतं.

एकूण अंदाजाच्या १५ टक्के रक्कम बाजूला ठेवा आणि गाडी टेम्पोत चढेपर्यंत तिला हात लावू नका.

सुटे भाग कुठून?

संभाजीनगर-जालन्याच्या संघांना पुण्याची तपकीर गल्ली किंवा मुंबईचा लॅमिंग्टन रोड. नांदेड-लातूरच्या संघांना हैदराबाद जवळ: इलेक्ट्रॉनिक्सला कोठीची गुजराती गल्ली, हार्डवेअरला सिकंदराबादचं राणीगंज. ऑनलाइन मागवलेला मोटर ड्रायव्हर नेहमी दोन घ्या.

इंग्रजीत बोलता येत नाही, डिझाइनच्या फेरीत गुण जातात.

भाषेपेक्षा कारण न सांगता आल्यानं जास्त जातात. फॉर्म्युला स्टुडंट प्रकारच्या स्पर्धांत १००० पैकी ३२५ गुण गाडी न हलवता मिळतात: डिझाइन १५०, खर्च १००, व्यवसाय योजना ७५. परीक्षक विचारतो, हा व्हीलबेस का? ‘सॉफ्टवेअरमध्ये सेफ आलं’ हे उत्तर नव्हे. ‘तीन पर्याय काढले, हा वळायला बरा, भार इतका सरकतो, चाचणीत इतकं मोजलं’ हे तुटक इंग्रजीत सांगितलं तरी चालतं. हिंदीत बोलू का असं विचारलं तर बरेच परीक्षक हो म्हणतात. प्रत्येक विभागानं एक पान तयार ठेवावं: पर्याय, निवड, आकडा, चाचणीचा आकडा, दोन्हींत फरक का. हा शेवटचा रकाना भरलेले संघ फार थोडे असतात.

सराव दुसऱ्या शाखेच्या प्राध्यापकासमोर करा. आपले सर अडचणीचे प्रश्न विचारत नाहीत.

गाडी पीथमपूरला न्यायची कशी?

टेम्पो ठरवताना मार्गही ठरवा. कन्नडच्या औट्रम घाटात जड वाहनांवर निर्बंध आहेत, वळसा घ्यावा लागला तर भाडं आणि वेळ दोन्ही वाढतात. गाडीतलं पेट्रोल पूर्ण काढा. चाकांवर न बांधता चेसिसला पट्टे बांधा, नाहीतर खड्ड्यांत सस्पेन्शन खेळत राहतं आणि पट्टे ढिले होतात. कॉलेजच्या लेटरहेडवर ‘स्पर्धेसाठी, विक्रीसाठी नाही’ असं पत्र, वस्तूंची यादी आणि किंमत सोबत द्या. ५० हजारांवरच्या मालाला ई-वे बिलाचा (जीएसटीतल्या माल वाहतुकीच्या ऑनलाइन पावतीचा) प्रश्न येतो, वाहतूकदाराशी आधीच बोला. रोबोट विमानानं नेणार असाल तर सुट्या लिपो बॅटऱ्या केबिन बॅगेतच न्याव्या लागतात.

सोबत काय न्यावं?

चाचणीच्या वहीत जे जे तुटलं त्याचे दोन-दोन नग. सीव्हीटीचा बेल्ट, टाय रॉड एन्ड, ब्रेक पॅड, ॲक्सल, चेनची लिंक, फ्यूज, गाडीतल्या प्रत्येक मापाचे दहा-दहा नट-बोल्ट. शिवाय हँड ड्रिल, टॉर्क रेंच, मल्टिमीटर, एक्स्टेन्शन बोर्ड, आणि नियमपुस्तिकेची छापील प्रत. तपासनीसानं आक्षेप घेतला तर वाद घालू नका. नियम क्रमांक विचारा, लिहून घ्या, दुरुस्त करून परत रांगेत लागा. म्हणूनच तपासणीला पहिल्याच दिवशी जायचं.

टी-शर्टचा रंग?

शेवटच्या आठवड्यात ठरवा. त्याआधी यावर बैठक घेऊ नका.

यंदा तपासणीतच बाद झालो. पुढच्या वर्षी तीच गाडी दुरुस्त करून नेता येईल?

आधी नियम पाहा. फॉर्म्युला स्टुडंट प्रकारात गाडी साधारण एका वर्षापुरतीच धरली जाते आणि नवी चेसिस लागते. इतर स्पर्धांची अट वेगळी असू शकते. परवानगी असेल तरी केज, ब्रेक लाइन आणि वायरिंग नवं करा, हब-गिअरबॉक्स ठेवा. परवानगी नसेल तर जुनी गाडी मोडीत काढू नका: नव्या चालकांना त्यावर जूनपासून सराव करू द्या, आणि नवे ब्रेक, नवे शॉक आधी तिच्यावर लावून बघा. बाद होण्याचं कारण नियम क्रमांकासह तक्त्यात पहिल्या ओळीवर लिहा, आणि ती ओळ कोणाची जबाबदारी हे जाणाऱ्या कॅप्टननं गाव सोडायच्या आधी ठरवून द्यावं.